मातीतले बाबा

"हसू जरा कमी पडतंय," थोरला म्हणाला. शिल्पकारानं मुकाट्यानं ओठांच्या कोपऱ्यांना चिमूटभर माती लावली आणि बाबांचं हसू आणखी थोडं कानांकडे सरकलं.

बाबा म्हणजे या दोघा भावांचे वडील. पण आता ते सगळ्यांचेच बाबा झाले होते. बायकोशी गोड कसं बोलावं, लेकरांत देव कसा पाहावा, हे त्यांनी जन्मभर माईक तोंडाशी धरून लोकांना सांगितलं. लोक ढसाढसा रडायचे, आणि घरी जाऊन पहिल्यासारखे वागायचे. आता त्यांच्या नावाचं सभागृह झालं होतं आणि दारातच त्यांचा अर्धपुतळा बसायचा होता. मिळाले ते फोटो सगळे व्यासपीठावरचे. त्यावरून शिल्पकार बिचारा दुसरं काय करणार?

कोपऱ्यातल्या स्टुलावर आई बसली होती. तिला आणलं होतं मान डोलवायला. दुपारी मातीवर प्लास्टरचा साचा चढायचा होता. एकदा तो चढला की हाच चेहरा कायमचा.

"हनुवटी माझ्यासारखी घ्या ना," धाकटा म्हणाला. "सगळे म्हणतात, मी त्यांच्यावरच गेलोय."

"तू? तू मामावर गेलायस," थोरला म्हणाला. "कपाळ बघा माझं. कपाळ घ्या."

आपापला अवयव बापाला चिकटवायची दोघांची ही धडपड पाहून आईला शिसारी आली. आणि हा हसतोय तो कोण? मीठ कमी पडलं म्हणून भरलं ताट भिंतीवर भिरकावणारा माणूस तिच्या ओळखीचा होता. हा शहाजोग तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. आज तिनं हो म्हटलं की हाच तिचा नवरा ठरणार, आणि तिनं सोसलं ते सगळं खोटं. पुढे डोकं चालेनासं झालं की तिलाही वाटायला लागेल, होता बाई तो असाच, मीच मेली रडकी. या एका गोष्टीची मात्र तिला खरोखर भीती वाटत होती.

"बाई, तुम्ही सांगा," शिल्पकार तिच्याकडे वळून म्हणाला. "काही राहिलंय का?"

"काही नाही राहिलं," थोरल्यानं परस्पर उत्तर दिलं. "आई, नुसतं हो म्हण. खाली गाडी थांबलीये."

आई उठली. पुतळ्यासमोर जाऊन तिनं शिल्पकाराला विचारलं, "हात लावला तर चालेल?"

तो बाजूला झाला. माती ओली, गार होती. दोन भुवयांच्या मध्ये अंगठा रोवून तिनं तो सरळ वर ओढला. ओठांची टोकं दोन बोटांनी खाली दाबली. डाव्या डोळ्याची पापणी किंचित खाली आणली, तो डोळा बारीक केला. फार वेळ लागला नाही. फोटो बघायची तिला गरजच नव्हती.

मग ती मागे सरली.

थोरल्याच्या एका आवाजावर अख्खं ऑफिस उभं राहायचं. त्यानं खिशातले हात बाहेर काढले आणि नजर फरशीवर लावली. धाकटा, अर्धं डोकं पांढरं झालेला बाप्या, नकळत भावाच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला.

"हे कोण?" शिल्पकारानं गोंधळून विचारलं.

"त्यांना विचारा," आई म्हणाली. "त्यांनी ओळखलंय."

थोरला शिल्पकाराजवळ सरकला.

"पुसून टाका ते," तो म्हणाला. पण अगदी हळू, मातीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं.