समुद्र शांत राहील

समुद्र शांत राहील, असं रेडिओवरची बाई म्हणाली आणि उज्ज्वलाचं तोंड उतरलं.

"आजही नाही," म्हणत तिनं आवाज बारीक केला. तिची सासू हंसाबाई अंगणात कापसातला कचरा वेचत बसली होती. तिनं हातातलं काम न थांबवता समुद्राला एक कचकचीत शिवी हासडली.

घाटंजीजवळच्या या तांड्यात समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. त्यांच्या लेखी सगळ्यात मोठं पाणी म्हणजे धरणाचं, आणि तेही उन्हाळ्यात तळाला जायचं. पण कापसाला भाव मिळेना म्हणून उज्ज्वलाचा नवरा शाम पोळा झाल्यावर रत्नागिरीकडे मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला, आणि तेव्हापासून या घराला अरबी समुद्राचं वेड लागलं. बोट दर्यात असली की फोन लागत नाही. मधे बंदराला आली तरी मासळी उतरवून लगेच परत, असं शामच सांगायचा. थांबते ती फक्त वादळात. म्हणजे वादळ आलं की शामचा फोन, असा सरळ हिशेब होता.

सासरे रामसिंग तर या विषयातले जाणकारच झाले होते. लक्षद्वीपजवळ कमी दाबाचा पट्टा, एवढं कानावर पडलं की ते मांडीवर थाप मारायचे. अंदमानचं नाव निघालं की हिरमुसायचे. "ते त्या बाजूचं हाय, आपल्या कामाचं नाही," असं आल्यागेल्याला समजावायचे. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असं ऐकलं की हंसाबाई चुलीवर गोडाचं चढवायची. कोकणातली माणसं समुद्र शांत व्हावा म्हणून त्याला नारळ देतात. हंसाबाईनं तो खवळावा म्हणून तांड्याच्या देवाला, सेवाभायाला, नारळ बोलला होता.

उज्ज्वलाला मात्र आता नुसता फोन पुरत नव्हता. तिला नवरा हवा होता. दिवाळी तोंडावर आली होती, आणि तीही लग्नानंतरची पहिली. बोट चालू असताना शेठ रजा देत नाही, मोठं तुफान आलं तरच सुटका, असं शाम म्हणायचा. आणि हा मेला समुद्र रोज गरीब गायीसारखा पडून होता.

रेडिओवर गाणी लागली, तेवढ्यात किराणा दुकानातून शंकरसिंगची हाक आली. तांड्यातला एकुलता एक फोन त्याच्याच दुकानात होता.

"रामसिंगभाऊ, फोन हाय! शामचा!"

कुणी जागचं हललं नाही. समुद्र शांत, आणि फोन?

"बोट बुडाली!" हंसाबाईनं हंबरडा फोडला.

"बुडाल्यावर फोन कसा करन तो?" रामसिंग खेकसले, पण चपला न घालताच उठले.

सगळे दुकानाकडे पळाले. काय झालं म्हणून मागून अर्धा तांडा पळाला. उज्ज्वलानं शंकरसिंगच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावला.

"तुम्ही बरे आहा ना? बोट कुठं हाय?"

"बंदरात हाय," पलीकडून शामचा आवाज आला. "मोठं तुफान हाय ना इकडं..."

"कायचं तुफान? समुद्र शांत हाय. आताच रेडिओवर सांगतलं."



"शांत हाय?" शाम हळूच म्हणाला. "घरची लय याद आली म्हून फोन लावला, आज बातम्या ऐकाच्या राहूनच गेल्या."

मग त्याला खरं सांगावंच लागलं. पहिल्याच दिवशी, किनारा दिसेनासा व्हायच्या आत, तो ओकून ओकून अर्धमेला झाला होता. शेठनं त्याला उचलून धक्क्यावर ठेवलं. तेव्हापासून तो एका शेडमध्ये बायकांच्या रांगेत बसून कोळंबी सोलत होता. इकडे बापानं पोरगा जहाजावर लागला म्हणून तांड्यात आणि घाटंजीच्या बाजारात पेढे वाटलेले. आता कोणत्या तोंडानं सांगणार? म्हणून तोही रोज संध्याकाळी रेडिओला कान लावून बसायचा, आणि वादळाचा इशारा आला की ताठ मानेनं घरी फोन करायचा.

"बाबाले सांगू नोको," तो काकुळतीला आला. "मले तांड्यात पाय ठेवता नाही येणार."

उज्ज्वलाचं डोकंच फिरलं. शांत समुद्रही खोल असतोच, या विचारानं ती कितीदा झोपेतून दचकून उठली होती, आणि हा माणूस कोळंबी सोलत होता! मग तिच्या ध्यानात आलं, या सगळ्या दिवसांत त्याच्या पायाखाली चांगली घट्ट जमीन होती. तिला इतकं बरं वाटलं की ती हुंदके देऊन रडायलाच लागली.

ते पाहून हंसाबाईनं कपाळ बडवून घेतलं. बायकांनी तिला दोन्हीकडून धरलं. रामसिंग कसेबसे पुढे आले.

"काय झालं, बेटा? काही असन ते सांगून टाक."

उज्ज्वलानं पदरानं डोळे पुसले. समोर सासरा होता, आणि त्याच्यामागे पेढे खाल्लेले सगळे जण माना वर करून उभे होते. ती पाठमोरी झाली आणि फोनमध्ये कुजबुजली, "रातच्या गाडीत बसता का?"

"बसतो. पण बाबाले काय सांगशीन?"

तिनं फोन खाली ठेवला.

"त्या रेडिओच्या बाईले काय समजते, मामाजी? तिकडं लय मोठं तुफान सुटलं. सगळ्या बोटी बंद, हे घरी येऊन राह्यले," ती म्हणाली. "आणि दिवाळीनंतर तरी तुफान थांबते का नाही, काही भरवसा नाही."