कॅमेऱ्यावरची पट्टी

“फोनच्या कॅमेऱ्यावर पट्टी चिकटवली, तर लोक येतील कशाला?” क्लबचा मालक कुरकुरला.

“मग माझ्या जागी दुसरा डीजे बघा,” मृदुलाने बजावलं.

क्लबमध्ये तिने लावलेल्या गाण्यावर बेभान नाचणाऱ्या पल्लवीचा व्हिडिओ कोणीतरी पसरवला होता. गावभर हसं झालं आणि पल्लवी यायचीच बंद झाली.

शनिवारी दारातच प्रत्येक फोनवर पट्टी लागली. काहीजण परत फिरले. उरलेले फोन खिशात टाकून रिकाम्या हातांनी अवघडून उभे राहिले, मग हळूहळू त्यांचे पाय थिरकले.

मृदुलाने बोलावलेली पल्लवी बिचकतच आत आली. एकही फोन उंचावलेला दिसेना. डोळे मिटून ती मनसोक्त नाचू लागली.

“हीच ना ती व्हिडिओवाली?” मालकाने विचारलं.

“ही पल्लवी,” मृदुला ताठ मानेने म्हणाली. “हिच्यासारखं आपल्याकडे कोणी नाचत नाही.”