नागपूरचा एक नंबर कोच

नागपुरात फुटबॉलचा भारी कोच कोण, आनंदराव की नत्थूजी, हा वाद पानठेल्यावर वर्षानुवर्षं चालला. १९७८ च्या मे महिन्यात आनंदराव गेले. अंबाझरी घाटावर सरण पेटलं, शोकसभा सुरू झाली, तर दोघांच्याही टीमचे, आता टक्कल पडलेले खेळाडू तिथंही तेच घेऊन बसले. कोणी आनंदरावांच्या डिफेन्सचं सांगे, कोणी नत्थूजींच्या फॉरवर्डचं.

शेवटी आनंदरावांचाच जुना गोलकीपर वैतागला. "पुरे करा ना गा आता! नत्थूजी, आजपासून तुम्हीच एक नंबर. झालं?"

दोन मिनिटं मौन झालं आणि लोक सायकली काढून घराकडे निघाले. नत्थूजी मात्र उन्हात सरणासमोर उभेच.

"चला ना जी," गोलकीपर जवळ येऊन म्हणाला. "सगळे गेले. काहून थांबले तुम्ही?"

नत्थूजींनी गमछ्यानं तोंड पुसलं.

"वॉकओव्हर असा फुकट नाही भेटत गा. समोरची टीम आली नाही, तरी टाइम होईपर्यंत मैदानात उभं राहा लागते."