मेहरम

शिरूर कासारच्या कब्रस्तानात अम्मीला उतरवून घ्यायला मी कबरीत पाय सोडला, तेवढ्यात मुनव्वरमामूंनी माझा दंड धरला.

"तू वर थांब, इरशाद. आमी भाऊ उतरवतो तिला."

"कावून? पोटचा पोरगा हाय मी!"

मामू रडायला लागले आणि रडता रडता सगळ्यांसमोर बोलून गेले. "न्हाईस बेटा. तिचं तान्हं गेलतं, तवा तिनं तुला पदरात घेतलं. अकरा दिवसांचा होतास. रक्ताचं नातं न्हाई, म्हणून तू तिचा मेहरम न्हाईस, शरियतनं परका मर्द हाईस. मयतीला हात लावायचा न्हाई तू."

त्रेचाळिसाव्या वर्षी मला हे कळत होतं. अम्मी चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिची कूस मी बदलायचो, तिची वेणी मी घालायचो. तेव्हा कुणी माझा दंड धरला नव्हता.

दोन्ही मामूंनी तिला खाली ठेवलं. मी काठावर नुसता उभा होतो. माझ्याकडे बघून मौलाना जवळ आले आणि हळूच म्हणाले, "तिनं तुला अंगावर पाजलं असेल, तर तू तिचा दुधाचा मुलगा. मग तू मेहरमच. खाली उतर, शेवटचा हात लाव. पाजलं होतं का?"

मी मुनव्वरमामूंकडे पाहिलं.

"बायकांची गोष्ट, बेटा. मला काय ठाऊक?"

ठाऊक एकट्या अम्मीला होतं. माणसं तिच्यावर फळ्या रचत होती.