मापाचे बूट

मनकर्णाबाईनं नातीच्या पायातल्या बुटाच्या टोकावर अंगठा दाबला. टोकात पाय नव्हताच. नुसती दोन बोटं हवा. ती खूश झाली.

"हे ठीक हाय. दोन वरसं निघतीन." तिनं पदराची गाठ सोडली, घरून आणलेली कापसाची रुई काढली आणि पोरीच्या हातात दिली. "भर पुढं."

सत्यभामा खाली बसून बुटाच्या टोकात रुई कोंबू लागली. अमरावतीत जवाहर गेटाबाहेरच्या त्या दुकानात हे काही नवं नव्हतं. लेकराला सदरा घ्या नाहीतर बूट, वाढत्या अंगाचा घ्यायचा, आणि अंगाला बसेपर्यंत तो फाटून जायचा. शहाणी माणसं असंच करतात.

रविवारी अकोल्याला शाळांच्या शर्यती होत्या. सत्यभामा दिवाळीपासूनच पळायला लागलेली, आणि तेवढ्या दिवसांतच शाळेतल्या साऱ्या पोरींना मागं टाकून बसलेली. पण अकोल्याचं मैदान मुरमाचं. शाळेतल्या बाईंनी बजावलं होतं, बूट नसतील तर नाव कापीन. अनवाणी पळण्यात तिला तोड नव्हती. बुटात ती कधी पळालीच नव्हती.

"इथंच चालून पाह्य," दुकानदार भगवंतराव म्हणाले. "बाहेर नको. धूळ लागली की बूट जुना झाला."

"पयाचे बूट चालून कसे पाहाचे? बैल घेतो तं गाडीले जुपून पाहतो. जाय वं सत्ये, गेटापर्यंत जाऊन ये."

बाकावर वामनराव देशमुख बसले होते. पंपशू घालून पाहत होते. त्यांनी मान न वळवता विचारलं, "पोरीच्या जातीले बूट काहून, बुढे?"

"पोरीच्या जातीचं इचारता का नुसतं जातीचं? फोडून सांगा, म्हनजे तसं उत्तर देतो."

वामनराव आपल्या पंपशूकडे फार बारकाईनं पाहू लागले.

सत्यभामा पळाली. पानठेल्यापर्यंत बरी पळाली. मग डावा बूट सुटला, आणि बूट तिथंच ठेवून ती चार पावलं पुढं गेली. पानठेल्यावरची माणसं खो खो हसली. ती लंगडत परत आली, एक बूट पायात, एक हातात. वामनरावही हसले. त्यांना तेवढीच संधी.

"काय झालं?"

"आजी, पाय आतमंदी पयून राहिला अन् बूट मांगं राहून राहिला."

"मंग रुई घट्ट भर."

"भरली नं. रुई बी आतमंदी पयते." मग पोरीनं जीभ चावली. "राहू दे आजी. हेच घे. मी अजून रुई भरतो."

घाबरली होती ती. जास्त बोललं तर आजी तरातरा दुकानातून निघून जाईल, आणि रविवारी अकोल्याच्या गाडीत आपल्या जागी दुसरीच कोणी बसेल.

मनकर्णाबाईनं बूट हातात घेतला. उलटा करून झटकला. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यापासून तिच्या घरात कोणाचं उतरलेलं काही येत नव्हतं. त्याआधी बूट यायचा तो दुसऱ्याच्या पायातून उतरूनच यायचा, आणि रुई भरूनच घालावा लागायचा. बूट ढिलाच असतो, हे त्या घरात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं.

तिनं तो बूट दुकानदारापुढं ठेवला.

"हिच्या पायाचा दे."

"आजी, वाढतं अंग हाय. पुढच्या दिवाळीले अंगठा टेकन. मंग मलेच बोलसान."

"शर्यत या रविवारी हाय. दिवाळीच्या पायाले आज बूट काहून घेऊ?"

"पन पाय वाढन नं..."

"वाढो. वाढाले काय बंदी हाय?"

भगवंतरावांनी खालच्या फळीवरचा खोका काढला. पांढऱ्या कापडाचे बूट, खाली रबर. सत्यभामेनं पाय घातला आणि चटकन वर पाहिलं. काही घातल्यासारखं वाटतच नव्हतं. मनकर्णाबाईनं पुन्हा टोकावर अंगठा दाबला. या वेळी आतून पोरीच्या बोटानं उलट दाबलं.

"नाडी आवळ. अन् जाय."

ती गेली. पानठेला मागं पडला. तिथं हसायचं कोणाला सुचलं नाही. समोरून येणाऱ्या टांगेवाल्यानं लगाम खेचला. गेट आलं. तिथून वळायचं होतं. ती वळली नाही. कमानीखालून सरळ आत शिरली आणि दिसेनाशी झाली.

भगवंतराव धावत पायरीवर आले. टाचा उंचावून पाहू लागले. "आजी, गेटापर्यंत म्हनलं होतं तुमी! पोरगी तं माहे कोरे बूट घेऊन गावात घुसली!"

वामनरावही उठून दारात आले होते, एका पायात पंपशू, दुसरा पाय उघडा.

बाक रिकामा झाला होता. मनकर्णाबाई त्यावर जाऊन ऐसपैस बसली. पदरानं तोंड पुसलं.

"मंग पाहून काय राहिले? धाडा कोनाले मांगं," ती म्हणाली. "सापडली तं बूट वापस घ्या."