पंप ओढत नाही

नव्या पंपावर पट्टा चढवून त्याने शेवटचा बोल्ट आवळला आणि हात पुसत बायकोला हाक मारली. इंजिनपाशी उभं राहायला एक माणूस हवंच होतं. शिवाय थाप एकदा पचली की लपवाछपवीपेक्षा उघड वागणंच सोयीचं पडतं.

थाप तशी साधी होती. गाडीचं इंजिन जुनं, जोरकस आणि गळकं. गॅरेजच्या फरशीवर तेलाचे डाग पडायचे, ती धुतलेले कपडे घेऊन तिथूनच ये-जा करायची, आणि चपलेने ते डाग घरभर उमटायचे. तेव्हा त्याने सांगितलं होतं की हा पंप इंजिनच्या पोटातली हवा ओढून घेतो. आत ओढ राहिली की तेल बाहेर यायचं थांबतं. यात खोटं काहीच नव्हतं. फक्त आत ओढ राहिली की इंजिन ताकदही जास्त देतं, पुढच्या महिन्यात शर्यत आहे आणि त्याने नाव देऊन टाकलंय, एवढंच त्याने गाळलं होतं. मागच्या शर्यतीतल्या अपघातानंतर "शर्यत संपली" असं त्यानेच स्वतःच्या तोंडाने तिला सांगितलं होतं. त्या दिवशी ती कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवली होती.

त्यात बायको डेअरीत दूध काढायच्या यंत्रांची देखभाल करणारी. गाईंच्या सडांना लावायच्या नळ्यांत ओढ नीट आहे की नाही, हे तपासण्यात तिचा दिवस जायचा. थाप मारायला पठ्ठ्याने नेमका तिचाच विषय निवडला होता.

"सगळी भोकं बंद केलीस ना?" बॉनेटखाली वाकत तिने विचारलं.

"एकूण एक."

तो गाडीत जाऊन बसला आणि इंजिन सुरू केलं. पंपाची ओढ दाखवणारा नवा मीटर त्याने स्टिअरिंगशेजारी बसवला होता. ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन गरजलं, गॅरेजचं पत्र्याचं दार थरथरलं, पण मीटरचा काटा काही हलला नाही. त्याने पुन्हा दाबला. काटा ढिम्म.

"ओढत नाहीये हा!"

"ओढतोय. हवा दुसरीकडून आत शिरतेय. एवढी शिट्टी वाजतेय, ऐकू येत नाही का तुला?" बॉनेट वर असल्यामुळे त्याला ती दिसत नव्हती, नुसता आवाज येत होता. "तेल मोजायच्या पट्टीचं रबर गेलंय बघ. पट्टी काढलीय, नळीच्या तोंडावर अंगठा धरलाय. हं, दाब आता."

त्याने दाबला आणि काटा सरसर वर चढला. त्याला इतका आनंद झाला की शर्यतीचं तोंडातून निघता निघता राहिलं.

"कमी कर," ती म्हणाली.

त्याने केला.

"वाढव. आता परत कमी कर."

असं तिने दोन-तीनदा करायला लावलं. तो खुशीत होता, सांगेल तसं करत गेला. शेवटी इंजिनचा आवाज उतरल्यावर तिने विचारलं, "भाजी आणायला जाताना इंजिन एवढं पिळणार आहेस का रे?"

"का गं?"

"हळू फिरतं तेव्हा माझ्या अंगठ्याला काही जाणवतसुद्धा नाही. पार बोंबलायला लावलंस की मग ओढतो हा. फरशीवरचे डाग याने कसे जायचे?"

आणखी एखादी थाप मारता आली असती. पंप अजून नवा आहे, रुळेल, असं काहीतरी. पण ती अंगठा धरून उभी होती आणि त्याला एकदम कंटाळा आला.

"पुढच्या महिन्यात शर्यत आहे," तो म्हणाला. "एकच."

इंजिन आपलं घुरघुरत राहिलं. ती ओरडेल, म्हणून तो वाट बघत होता. ओरडली असती तर बरंच झालं असतं. ती पुढून वळसा घालून खिडकीशी आली, त्याच्या तोंडाकडे न बघता वाकली आणि खाली त्याच्या पायांकडे बघितलं. ॲक्सिलरेटरवर डावा पाय होता. उजवा, घोट्यात स्टीलच्या पट्ट्या घातलेला, बाजूला आडवा पडला होता.

"गाडी उभीच आहे म्हणून," तो घाईघाईने म्हणाला.

"आणि त्या दिवशी डावा इथे असला तर क्लच कोण दाबणार? मी?"

एरवी तो हसला असता. आता मात्र त्याला लाज वाटली. शर्यतीचं लपवल्यापेक्षा पायाचं लपवल्याची जास्त वाटली, कारण ते त्याने स्वतःपासूनही लपवलं होतं. ती परत पुढे गेली.

"अंगठा धरलाय," बॉनेटपलीकडून आवाज आला. "उजव्याने दाब."

डावा पाय पेडलच्या अगदी शेजारी होता. जरा सरकवला असता तर तिला दिसलं नसतं. त्याने तो उचलून सीटखाली घेतला आणि उजवा पेडलवर ठेवला. घोटा वळेना. मग त्याने मांडीतून जोर लावला. कळ गुडघ्यापर्यंत गेली. इंजिनचा आवाज जरासा चढला, अडखळला, पुन्हा खाली आला.

"किती दाखवतोय?"

तो काट्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काहीच नाही."

"हं. माझ्या अंगठ्यालाही काही जाणवत नाहीये," ती म्हणाली. "मी आहे इथे धरून. तुझं झालं की सांग."