शिस्तमित्राचा पहिला तास

कुडतरकरबाईंनी नवाचा पाढा कीर्तनाच्या चालीवर धरला आणि चौथीच्या मुलांनी रोजच्यासारखं एका आवाजात धृपद उचललं. त्याच क्षणी, सकाळीच त्यांच्या मनगटांवर बांधलेल्या पट्ट्यांनी विजेचा झटका दिला. मुलं किंचाळत बाकांवर कोसळली.

“विचारल्याशिवाय बोललं की शिस्तमित्र ॲप झटका देणारच, बाई,” केंद्रप्रमुख निगडे टॅबलेट सांभाळत म्हणाले. “बाकीच्या शाळांना झाली की सवय!”

“साहेब, माझा पांडुरंग बसलाय हो या बाकांवर! बंद करा ते!”

पण ॲपच्या लेखी किंचाळणं म्हणजेसुद्धा न विचारता बोलणंच होतं. दुसरा झटका पहिल्याहून जोराचा बसला. दिगूच्या मनगटाची कातडी करपल्याचा वास वर्गभर पसरला.

बाईंनी टेबलावरची पितळी घंटा उचलली आणि टॅबलेटवर हाणली. निगडेंनी हात आडवा घातला, तर त्या हातावरही हाणली. काच फुटली, बोटं फुटली, टेबलावर रक्त सांडलं. टॅबलेट बंद पडताच सगळ्या पट्ट्या आपोआप गळून पडल्या.

“सुटलो, बाई!” दिगू आनंदाने ओरडला.

शेजारच्या ओवीने त्याच्या तोंडावर फाडकन चपराक मारली.

“गप्प बस! तुला कुणी विचारलंय का?”